बूट किती ताठ असावा?

हिवाळ्यात पहाटे बीडहून बाहेर जाणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर उभे राहा. अंधारात धावणारी मुले-मुली तुम्हाला दिसतील. कोणी पोलीस भरतीची तयारी करीत असतो, कोणी सैन्याची. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. तेथे दोन-चार सेकंदांवर गुण ठरतात, आणि गुणांवर घरची भाकरी ठरते.

आमच्या महाविद्यालयातला असाच एक मुलगा एकदा लंगडत माझ्याकडे आला. त्याने उसने पैसे घेऊन, तळात कार्बनचे पाते बसवलेला महागडा बूट घेतला होता. पंधरा दिवसांतच पोटऱ्या आणि नडग्या दुखू लागल्या. चाचणीला दीड महिना उरला होता. त्याने विचारले, "सर, बूट खराब आहे का?" मी म्हणालो, "आधी फूटपट्टी आण."

तुम्हीही आणा. प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलाच्या कडेवर अशी ठेवा, की तिचा १० सेंटिमीटर भाग बाहेर येईल. आतला भाग हाताने घट्ट दाबून धरा. बाहेरच्या टोकाला दोऱ्याने एक लहान कुलूप टांगा आणि टोक किती खाली गेले ते मोजा. आता पट्टी २० सेंटिमीटर बाहेर काढून पुन्हा मोजा. लांबी दुप्पट झाली, म्हणून टोक दुप्पट खाली जाईल असे वाटते ना? प्रत्यक्षात ते जवळजवळ आठपट खाली जाते!

वजन टांगल्यावर वस्तू जितकी कमी वाकते, तितका तिचा ताठपणा अधिक. ताठपणा म्हणजे कठीणपणा नव्हे. काच कठीण असते, पण काचेचा बारीक तंतू सहज वाकतो. ताठपणा हा पदार्थावर अवलंबून असतो, तसाच आकारावरही असतो. त्यातही जाडीचा परिणाम फार मोठा. दोन सारख्या पट्ट्या नुसत्या एकावर एक ठेवल्या, तर ताठपणा दुप्पट होतो. पण त्याच एकमेकींना पक्क्या चिकटवल्या, तर तो आठपट होतो! ट्रकच्या चाकावरील कमानपाटे एकमेकांना जोडून का टाकीत नाहीत, हे आता तुमच्या ध्यानात येईल. जोडले, तर ते वाकणारच नाहीत आणि खड्ड्यांचे धक्के थेट गाडीला बसतील.

आता पायाकडे येऊ. धावताना टाच उचलली, की आपण चवड्यावर येतो आणि पायाची बोटे मुळाशी वाकतात. हे वाकणे फुकट होत नाही. त्यात काही ऊर्जा खर्ची पडते आणि तिचा थोडाच भाग परत मिळतो. बुटाचा तळ ताठ असला, तर बोटे कमी वाकतात आणि ही गळती कमी होते. ताठ बुटाचा हा फायदा.

पण निसर्ग उधारी ठेवत नाही. पाऊल ही एक तरफ आहे. तळ ताठ झाला, की जमिनीचा रेटा चवड्याच्या पुढे, बोटांकडे सरकतो. समजा, ६० किलो वजनाचा मुलगा पाय रेटताना वजनाच्या दुप्पट, म्हणजे १२० किलोभाराचे बल जमिनीवर लावतो. घोट्यापासून हा रेटा १४ सेंटिमीटर पुढे आहे, आणि टाचेची शीर घोट्याच्या ५ सेंटिमीटर मागे आहे. तर पोटरीला त्या शिरेवर १२० × १४ ÷ ५ = ३३६ किलोभार इतका ताण द्यावा लागेल. ताठ बुटामुळे रेटा आणखी २ सेंटिमीटर पुढे गेला, की हाच ताण ३८४ किलोभार होतो. म्हणजे पावलागणिक ४८ किलोभार जास्त! १६०० मीटरमध्ये प्रत्येक पाय शेकडो वेळा टेकतो. त्या मुलाच्या पोटऱ्या का दुखल्या, याचे उत्तर येथे आहे. बूट खराब नव्हता. त्याला लागणारी पोटरी अजून तयार व्हायची होती.

हाच न्याय इतर खेळांतही दिसतो. थंड देशांत एका रुंद फळीवर दोन्ही पाय बांधून बर्फाच्या उतारावरून घसरण्याचा खेळ आहे. नवशिक्याला तेथे लवचीक फळी देतात. ती थोड्या बलाने वाकते, हळू वेगातही वळते आणि चूक झाली तरी सांभाळून घेते. भरधाव जाणारा तरबेज खेळाडू मात्र ताठ फळी घेतो, कारण लवचीक फळी त्या वेगात थरथरते. तीच ताठ फळी नवशिक्याच्या पायाखाली वळतच नाही. धावण्यातही शंभर मीटरवाल्याचा बूट ताठ असतो, आणि लांब पल्ल्याचा धावपटू बहुधा त्याहून नरम बूट पसंत करतो.

"मग कार्बनच्या पात्याची एवढी कीर्ती का?" असे तुम्ही विचाराल. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात १८ धावपटूंवर केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पाते आणि जाड, हलका फेस असलेल्या नव्या बुटाने ऊर्जेचा खर्च सरासरी ४ टक्के कमी झाला होता. श्रेय अनेकांनी पात्याला दिले. पुढे संशोधकांनी अशाच बुटाच्या पात्याला आडवे काप देऊन ताठपणा कमी केला. तरीही धावपटूंच्या ऊर्जाखर्चात म्हणण्यासारखा फरक पडला नाही! दाबल्यावर उसळून ऊर्जा परत देणाऱ्या फेसाचा वाटा मोठा होता. शास्त्रात श्रेय देण्यापूर्वी एकेक गोष्ट वेगळी करून तपासावी लागते ती यासाठीच.

मग बूट कसा निवडावा? टाच एका हातात, पुढचे टोक दुसऱ्या हातात धरून बूट वाकवा. तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, मधोमध नव्हे. रोजच्या सरावाला तेथे सहज वाकणारा बूट घ्यावा. ताठ बूट वापरायचाच असेल, तर पोटऱ्या बळकट झाल्यावर, आठवड्यातून एखाद्या वेळी थोड्या अंतरापासून सुरुवात करावी. आणि दुखणे चार दिवसांत थांबले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे शाळेसाठी रोज पाच-सहा किलोमीटरची वाट तुडवीत. पुढे सैन्यात गेल्यावर ते ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले, २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. पाय आधी तयार होतात, बूट नंतर येतो.

तो मुलगा काही दिवस विश्रांती घेऊन जुन्याच बुटांनी पुन्हा पळू लागला आणि चाचणी न लंगडता पूर्ण करून आला. नवा बूट त्याने खोक्यात घालून ठेवला आहे, पुढच्या वर्षासाठी.

जाता जाता एक प्रश्न. फूटपट्टी आडवी धरली तर वाकते, पण कडेवर उभी धरली तर जवळजवळ वाकतच नाही. पदार्थ तोच, लांबीही तीच. मग असे का? घराच्या छताच्या तुळया कशा बसवल्या आहेत ते पाहा आणि उत्तर शोधा.