गहू बंद केल्यावर लेकराचे पोट



काही लेकरांना गव्हा-जवातले ग्लूटेन सोसत नाही. सारखे जुलाब, फुगलेले पोट, न वाढणारे वजन ही या सिलिॲक रोगाची लक्षणे. मात्र रक्ततपासणीआधी गहू बंद करू नका; नाहीतर रोग असूनही तपासणीत दिसत नाही.

निदान झाल्यावर चपाती, रवा, मैदा, बिस्किटे बंद केली की बहुतेकांचे जुलाब काही आठवड्यांत थांबतात, भूक लागते. आतड्याचे अस्तर भरून यायला महिने लागतात. चोथा कमी पडून शौचाला खडा झाला तर भाजी, फळे, पाणी वाढवा.

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ खुशाल द्या. फक्त गिरणीत गव्हामागे दळू नका. बाजारच्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते.

"सणाला एक पुरणपोळी दिली तर काय होतंय?" असे आजीनेही म्हणू नये. पथ्य जन्मभराचे आहे.