गोमंतकांतील चर्चचा छापखाना आणि ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती

(१) मुद्रणकला हिंदुस्थानांत आली ती व्यापारासाठीं नव्हे, राज्यकारभारासाठींहि नव्हे, तर धर्मोपदेशाचें साधन म्हणून आली, ही गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. इ. स. १५५६ च्या सप्टेंबरांत जेझुइट मंडळी लिस्बनहून गोव्यास उतरली. तिच्याबरोबर एक छापखाना होता. तो मूळचा हबसाणांतील मिशनसाठीं निघालेला, पण गोव्यासच राहिला व सेंट पॉल कॉलेजांत मांडला गेला. तो चालविणारा हुआन द बुस्तामांते हा स्पॅनिश गृहस्थ. पुढील वर्षीं झेवियरची ‘दौत्रिना’ पोर्तुगीज भाषेंत तेथें छापली गेली. हा वृत्तांत पुष्कळदां सांगून झाला आहे. आम्हांस येथें एका निराळ्या प्रश्नाचा विचार कर्तव्य आहे, आणि त्याचा संबंध पोथ्यांचा संग्रह करणारांशीं फार जवळचा आहे. तो असा कीं, चर्चच्या हातीं छापखाना असतां, त्या छापखान्यानें मराठी ग्रंथ छापले असतां, ते आज आपणांस उपलब्ध आहेत ते मात्र हस्तलिखितांच्याच कृपेनें, असें कां व्हावें?

(२) फादर टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट इ. स. १५७९ च्या आक्टोबरांत गोव्यास आला व साष्टी प्रांतांत सुमारें चाळीस वर्षें धर्मोपदेश करून १६१९ मध्यें वारला. त्याचें ओंवीबद्ध पुराण राचोल (जुनें रायतूर) येथें १६१६ मध्यें छापलें. ग्रंथ मराठी, छंद मराठी, पण लिपि रोमन. ग्रंथकर्त्यास नागरीची गोडी नव्हती म्हणून असें झालें, असा समज कोणी करून घेऊं नये. डिसेंबर १६०८ मध्यें त्यानें रोम येथील आपल्या वरिष्ठांस पाठविलेलें पत्र प्रसिद्ध आहे. देशभाषेंतील पुस्तकें देशलिपींत छापलेलीं पाहण्याची आपली इच्छा अनेक वर्षांची आहे, मलबारांत तसें झालेंहि आहे, पण येथें दोन अडचणी आहेत, असें तो लिहितो. पहिली ही कीं, युरोपांत चोवीस सांच्यांत जें काम भागतें त्यास येथें सहाशें सांचे लागतात. दुसरी ही कीं, वरिष्ठांच्या आज्ञेवांचून व साह्यावांचून तें होणें नाहीं.

(३) या सहाशें सांच्यांचा अर्थ नीट लक्षांत घेतला पाहिजे. मलबारांतील ज्या यशाचा त्यानें उल्लेख केला तें तमिळ लिपीचें. फादर हेन्रिक हेन्रिकेस याची ‘तंबिरान् वणक्कम्’ ही सोळा पृष्ठांची पुस्तिका कोल्लम येथें १५७८ मध्यें तमिळ खिळ्यांनीं छापली. त्या खिळ्यांपैकीं कांहीं ज्युआंव गोन्साल्विस या कारागिरानें गोव्यांतच पाडले होते. म्हणजे कारागीर व ओतकाम यांची उणीव नव्हती. फरक लिपीचा होता. तमिळांत क, ख, ग, घ या चारांचें काम एक अक्षर करितें, आणि जोडाक्षरांचा भार तीवर जवळजवळ नाहीं. नागरींत मात्र प्रत्येक व्यंजनास मात्रा, वेलांटी, उकार लागून अक्षराचें रूप बदलतें आणि जोडाक्षरें तर शेंकड्यांनीं होतात. अक्षर हा एक अखंड घटक मानून प्रत्येकास निराळा सांचा करावयाचा म्हटल्यास स्टीफन्सचा अंदाज मुळींच अतिशयोक्त नाहीं.

(४) मार्ग निघाला तो रोमन लिपीचा. मूर्धन्य वर्णांसाठीं रोमन अक्षर दुहेरी लिहावयाचें (म्हणजे ‘पुराण’ शब्दांतील ‘ण’ साठीं ‘एन्’ हें अक्षर दोनदां), ‘श’ साठीं पोर्तुगीज रीतीप्रमाणें ‘एक्स्’, अशी पद्धति बसली. नवख्या वाचकास ती चमत्कारिक वाटते. पण ज्यानें ती एकदां आत्मसात् केली त्यास ओंवी ओंवीच ऐकूं येते. आणि ऐकणें हेंच या ग्रंथाचें प्रयोजन होतें. ग्रंथारंभीं असा प्रसंग घातला आहे कीं, धर्मशिक्षणाच्या वेळीं एक ब्राह्मण उठून पाद्रीस विनवितो: आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, तर त्यांच्या जागीं दुसरें एखादें कां देत नाहीं? या एका प्रश्नांत त्या काळचें दुःख व त्या काळची गरज दोन्ही आलीं आहेत. पुराणश्रवणाची संवय असलेल्या लोकांपासून पोथी हिरावून घेतली होती. ती जागा कॅटेकिझमनें भरेना. म्हणून पंचाण्णव अवस्वरांचें, जवळजवळ अकरा हजार ओंव्यांचें पुराण रचावें लागलें. इगर्जींत एकानें वाचावें व शेंकडों लोकांनीं ऐकावें, हाच त्याचा प्रसार. यंत्रानें पाठ एकसारखा ठेविला. लोकांपर्यंत तो पोंचविला कंठानें.

(५) १६१६ नंतर १६४९ व १६५४ मध्यें या ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. स्टीफन्सची कोंकणी ‘दौत्रिना’ (१६२२) व कोंकणीचें व्याकरण (१६४०) त्याच्या मृत्यूनंतर राचोलासच छापलीं गेलीं. परंतु १६७४ नंतर गोव्यांतील मुद्रण थांबलें तें १८२१ पर्यंत. आणि १६८४ च्या जून महिन्यांत व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यानें फर्मान काढून एतद्देशीयांनीं तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज बोलूं लागावें असें ठरविलें. ज्या सत्तेच्या आश्रयानें देशभाषेचा ग्रंथ छापला तिनेंच पुढें देशभाषेवर शस्त्र धरलें. पुराणाच्या त्या तीन आवृत्त्यांपैकीं एकीचीहि मुद्रित प्रत आज कोठें असल्याचें ज्ञात नाहीं. १९०७ मध्यें मंगळूर येथें जोसेफ सालढाणा यांनीं ग्रंथ पुन्हां छापला तो कानडा प्रांतांतील ख्रिस्ती घराण्यांनीं जतन केलेल्या रोमन लिपींतील हस्तलिखितांवरून. छापील ग्रंथ नाहींसा झाला. त्यावरून हातानें उतरून घेतलेला मागें उरला.

(६) याहून लक्षांत ठेवण्याजोगी प्रत लंडनमध्यें आहे. विल्यम मार्सडेन याच्या संग्रहांतील ही प्रत नागरी लिपींत आहे. मराठी संतवाङ्मयाचे अभ्यासक जस्टिन अॅबट यांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणांत तिच्याकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. रोमन प्रतींत जेथें पोर्तुगीज धर्मशब्द येतात तेथें हिच्यांत पुष्कळदां संस्कृत शब्द योजिलेले दिसतात. अॅबट यांनीं हाच मूळ पाठ मानिला. तो मूळचा कीं मागाहून संस्कारिलेला, याचा निर्णय अधिक प्रती उजेडांत आल्याखेरीज होणार नाहीं. परंतु एवढें निर्विवाद कीं, छापखान्यास जें सहाशें सांच्यांवांचून साधेना तें लेखकानें एका बोरूनें साधलें होतें. या प्रतीवरूनच कारिदाद द्रागो यांनीं १९९६ मध्यें मुंबईस देवनागरी आवृत्ति काढली.

(७) पुढील कथा थोडक्यांत सांगतों. दोनशें वर्षांनीं बंगाल्यांत श्रीरामपूर येथें प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनीं पंचानन कर्मकारासारख्या कसबी कारागिराच्या साह्यानें देशी लिप्यांचे खिळे पाडले. केरीचा मराठी कोश १८१० मध्यें मोडी खिळ्यांनीं छापला. मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांतून १८१७ पासून मराठी पुस्तकें निघूं लागलीं. तेथें टॉमस ग्रॅहॅम यानें सुबक अक्षरें कोरलीं, आणि त्याच्याच हाताखालीं उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनीं निर्णयसागर उभारला. मुंबईकडे अक्षराचे भाग पाडून ते जुळविण्याची ‘डिग्री’ पद्धति रूढ झाली, तेव्हां स्टीफन्सचा सहाशेंचा आंकडा आपोआप उतरला. जें ख्रिस्ती धर्मोपदेशासाठीं घडविलें त्यावरच पुढें आमचे वेद, काव्यें व शास्त्रग्रंथ छापले गेले.

(८) आतां संग्राहकांस विनंति. गोवें, कारवार, मंगळूर व वसई येथील जुन्या घरांत रोमन लिपीचीं वहीवजा बाडें सांपडतात. पहिलें पान पोर्तुगीज असतें. ख्रिस्तपुराणाचें मूळ शीर्षकहि पोर्तुगीजच होतें, व त्यास पुराण हें नांव पुढें रूढ झालें. त्यामुळें पाहणारा ‘फिरंगी कागद’ म्हणून तें बाजूस सारतो, आणि मराठी यादींत त्याची नोंद होत नाहीं. असें बाड हातीं येतांच चार ओळी मोठ्यानें वाचून पाहाव्या. ओंवीचें यमक कानास लागलें तर तें आपलें आहे. अवस्वरांची संख्या, कागदावरील पाणखूण, आरंभीं उतरलेले धार्मिक परवाने व आवृत्तीचें वर्ष टिपून ठेवावें. कारण नाहींशा झालेल्या मुद्रित आवृत्त्यांची साक्ष याच पानांत आहे. जुन्या लोहमिश्रित शाईनें कागद खाल्ला जातो व दमटपणानें तो अधिकच खाल्ला जातो, म्हणून विलंब करूं नये. लिपि परकी दिसली म्हणून पोथी परकी होत नाहीं. सहाशें सांचे न मिळाल्यामुळें जिला परका वेष घ्यावा लागला, तिला निदान आपल्या दप्तरांत तरी परकी मानूं नये.