खोक्यावरचा एस्प्रेसो, गॅसवरची कॉफी

हजार-बाराशे रुपयांचं ते अष्टकोनी ॲल्युमिनियमचं भांडं घरी येतं तेव्हा खोक्यावर ‘एस्प्रेसो मेकर’ असं ठळक छापलेलं असतं. निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे. कॅफेतला दाट, वर सोनेरी साय धरलेला घोट आता घरच्या गॅसवर निघणार या आशेने माणूस भांडं चढवतो आणि निघते ती काळी, कडक, सायीविना कॉफी. मग पावडर हलकी असल्याचा संशय येतो, भांडं नकली असल्याचा संशय येतो आणि महिनाभरात ते माळ्यावर, सँडविच टोस्टरच्या शेजारी जाऊन बसतं.

दोष भांड्याचा नाही. आजच्या एस्प्रेसो यंत्रातून पाणी साधारण ९ बार दाबाने कॉफीत घुसतं. मोका पॉट नावाच्या या भांड्यात दाब जेमतेम एक-दीड बारचा, म्हणजे कुकरची शिट्टी उचलण्यापुरता. तेवढ्यात साय धरत नाही. गंमत अशी, की १९३३ साली मोका पॉट जन्माला आला तेव्हा त्याला ‘एस्प्रेसो’ म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. इटलीच्या बारमधली यंत्रंही तेव्हा वाफेच्याच जोरावर चालायची. मिलानच्या आकिल्ले गाज्जा यांची तरफेची यंत्रं दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आली, दाब कितीतरी पटींनी वाढला, कॉफीवर साय आली आणि एस्प्रेसो म्हणजे काय, हेच बदलून गेलं. खोक्यावरचा शब्द मात्र तसाच राहिला.

उत्तर इटलीत ऑर्ता सरोवराजवळच्या क्रुसिनालोमध्ये अल्फोन्सो बियालेत्ती यांचा ॲल्युमिनियमच्या वस्तूंचा छोटा कारखाना होता. ही धातुविद्या ते फ्रान्समधून शिकून आले होते. कपडे उकळायच्या हंड्यात मधल्या नळीतून साबणाचं पाणी वर चढून कपड्यांवर पडतं, ते पाहून त्यांना हे भांडं सुचलं, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, तत्त्व तेच आहे. अल्फोन्सोंनी ते आसपासच्या बाजारांत विकलं. घराघरात पोचवलं ते युद्धानंतर कारखाना हाती घेतलेल्या त्यांच्या मुलाने, रेनातोने. बोट वर करून कॉफी मागवणारा मिशीवाला छोटा माणूस हे चिन्ह रेनातोंच्याच काळातलं. रेनातो २०१६ मध्ये वारले तेव्हा त्यांची रक्षा भल्यामोठ्या मोका पॉटच्या आकाराच्या कलशात घालून चर्चमध्ये नेण्यात आली. मालावर एवढी निष्ठा असलेला दुसरा कारखानदार शोधूनच काढावा लागेल.

रचना साधी आहे. खाली पाण्याची टाकी, मध्ये पावडरीची चाळणी, वर कॉफी जमा होणारं भांडं. खालचं पाणी तापलं की त्यावर कोंडलेली हवा आणि वाफ पसरते आणि पाण्याला नळीतून वर रेटते. पाणी खळखळून उकळायच्या आतच हे सुरू होतं. पाणी संपत आलं की नळीतून वाफ घुसते आणि घरघर ऐकू येते. कडवटपणाचा मोठा वाटा या शेवटच्या टप्प्यातला असतो.

खरेदीत पहिला विचार आकाराचा करावा. ‘तीन कप’ म्हणजे इटालियन कप, एकेक साधारण ४०-५० मिलिलिटरचा. आपल्याकडच्या मगात तीन-कपी भांड्याची सगळी कॉफी ओतली तरी दुधाला जागा उरते, म्हणजे ते एका-दोघांचं भांडं झालं. चौघांना हवी असेल तर सहा-कपी घ्यावं. पण ‘मोठंच घेऊ, लागेल तेव्हा अर्धं भरू’ हा हिशेब इथे चालत नाही. अर्धवट भरलेल्या चाळणीतून पाणी वाट मिळेल तिथून पळतं आणि कॉफी पाणचट होते.

मग धातू. ॲल्युमिनियमचं भांडं स्वस्त असतं आणि लवकर तापतं, पण इंडक्शनच्या शेगडीवर साधं ॲल्युमिनियम चालत नाही. तिथे इंडक्शनवर चालणारंच भांडं हवं. नामांकित इटालियन आणि अनामिक स्वस्त भांड्यांतला खरा फरक चवीत फारसा नसतो. तो असतो आट्यांच्या सफाईत, पाण्याच्या टाकीवरच्या सुरक्षा व्हॉल्व्हमध्ये आणि खालच्या-वरच्या भागांमधलं रबर सुटं मिळण्यात. दोन्ही भाग घट्ट बसत नसतील तर वाफ बाजूने निसटते आणि कॉफी वर चढतच नाही. रबर आज ना उद्या कडक होणार, तेव्हा त्याच मापाचं दुसरं मिळतं का, हे आधीच पाहून ठेवावं. आणखी एक अडचण खास आपल्या शेगड्यांची. छोट्या भांड्याचा तळ बर्नरच्या चार पायांवर टेकतच नाही, भांडं कलंडतं. त्यावर पापड भाजायची जाळी पुरते.

पावडरीत लोक सर्वांत जास्त चुकतात. इन्स्टंट कॉफी यात घालायचीच नाही, ती पाण्यात विरघळून जाते आणि चाळणी रिकामी राहते. दक्षिणी फिल्टरच्या पावडरीत बहुधा चिकोरी असते. तिचं प्रमाण पाकिटावर लिहिलेलं असतं, ते वाचावं. चिकोरी जास्त असेल तर चाळणीत लगदा होऊन पाणी अडतं. बिनचिकोरीची, फिल्टर मशीनपेक्षा बारीक पण एस्प्रेसोपेक्षा जाड दळलेली पावडर हवी. कॉफी भाजून विकणाऱ्या दुकानात ‘मोका पॉटसाठी’ एवढं सांगितलं तरी पुरतं.

बी कुठलं घ्यावं, यासाठी इटलीकडे पाहायची गरज नाही. भारतीय कॉफीच्या मोठ्या परदेशी गिऱ्हाइकांत इटली वर्षानुवर्षं आहे, आणि तिथल्या अनेक मिश्रणांत आपला रोबस्टा असतो. चिकमगळूरच्या डोंगरात बाबा बुदान यांनी येमेनच्या मोखा बंदराहून सात बिया आणल्याची आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच मोखाचं नाव या इटालियन भांड्याला दिलेलं आहे. कूर्गचा रोबस्टा आणि चिकमगळूरचा अरेबिका यांचं मिश्रण मोका पॉटमध्ये छान उतरतं, विशेषतः दूध घालणाऱ्यांसाठी.

करायची रीत अशी. पाणी व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच भरावं, व्हॉल्व्ह बुडवू नये. चाळणी काठोकाठ भरून बोटाने सपाट करावी, दाबू मात्र नये. दाबायची सवय एस्प्रेसो यंत्राची आहे, इथे त्याने पाणी अडतं आणि दाब नको तेवढा चढतो. पाणी गार घ्यावं की गरम, यावर दोन पंथ आहेत. गरम घेतलं तर शेगडीवरचा वेळ कमी होतो आणि पावडर तापून करपट होत नाही. फक्त आटे आवळताना हात फडक्यात गुंडाळावा. ज्योत बारीक, तळाच्या बाहेर न येणारी, नाहीतर प्लास्टिकचा दांडा वितळतो. झाकण उघडं ठेवून पाहत बसावं. काळी धार येते, मग ती मधाच्या रंगाची होते. फेस फुटायला लागला की लगेच उतरवावं आणि तळ नळाखाली धरावा. ही एक गोष्ट केली तरी ‘फार कडू होते’ ही तक्रार बहुतेक मिटते.

नव्या भांड्यातल्या पहिल्या दोन-तीन कॉफ्या ओतून द्याव्यात. नंतर दर वेळी साध्या पाण्याने धुऊन, कोरडं करून, सैल जोडून ठेवावं. तारेची घासणी आणि डिशवॉशर दोन्ही ॲल्युमिनियम खराब करतात. बोअरच्या जड पाण्याने व्हॉल्व्हवर क्षार साठतात, त्याकडे अधूनमधून लक्ष हवं, कारण भांड्याची सुरक्षितता तिथेच आहे.

दक्षिण इटलीत पहिले चार-सहा थेंब वर आले की ते साखरेवर ओततात, चमच्याने पांढरट होईस्तोवर फेटतात आणि बाकीची कॉफी त्यावर सोडतात. वर फेस तरंगतो, हरवलेल्या सायीची थोडी भरपाई होते. इन्स्टंट कॉफी आणि साखर वाटीत फेटत बसलेल्या मराठी घरांना हे शिकवावं लागणार नाही. दूध घालणाऱ्यांनी कॉफीइतकंच किंवा दुप्पट गरम दूध घ्यावं. जायफळाची सवय असेल तर ते दुधातच किसावं, चाळणीत नाही.