गाढवाची शेपटी, काँगोची चारशे चित्रं आणि गायतोंडे

१९१० साली पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात बोरोनाली नावाच्या चित्रकाराचं सूर्यास्ताचं चित्र लागलं. बोरोनाली म्हणजे लोलो नावाचं गाढव! लेखक रोलाँ दोर्जेलेस आणि त्याच्या मित्रांनी गाढवाच्या शेपटीला कुंचला बांधला, खाऊ दाखवला आणि शेपटी हलेल तसा कॅनव्हास रंगत गेला. नव्या चित्रकलेची खिल्ली उडवायची होती, ती उडाली. वर चित्र ४०० फ्रँकला विकलं गेलं. ‘हे तर गाढवही काढेल’ हा शेरा अमूर्त चित्रांना अजून ऐकावा लागतो.

२०२१ साली पिगकॅसो या दक्षिण आफ्रिकेतल्या डुकरिणीचं एक चित्र २० हजार पौंडांना गेलं, म्हणजे साधारण २० लाख रुपयांना. त्याच वर्षी चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या १९६१ च्या अमूर्त चित्राला लिलावात ३९.९८ कोटी रुपये मिळाले. सुमारे दोनशे पट! पण किमतीपेक्षा मला दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो: चित्रांच्या संख्येचा.

काँगो हा लंडनचा चिंपांझी. डेस्मंड मॉरिस या प्राणिशास्त्रज्ञाने त्याच्या हाती कुंचला दिला आणि वयाच्या दुसऱ्या ते चौथ्या वर्षात त्याने सुमारे ४०० चित्रं काढली. २००५ मध्ये त्यातली तीन एका लिलावात १४,४०० पौंडांना विकली गेली. त्याच लिलावात वॉरहॉल आणि रेनवा या नामवंत चित्रकारांच्या कलाकृतींना गिऱ्हाईक मिळालं नाही. लोक हसले ते यालाच. मॉरिसने मात्र वेगळंच टिपलं होतं. अर्ध्यावर कागद काढून घेतला की काँगो किंचाळायचा. चित्र झालं असं त्याला वाटलं की कितीही आग्रह करा, कुंचला लावायचा नाही. पोळ्याला जालन्याकडे बैलाची शिंगं रंगवणाऱ्यालाही नेमकं हेच कळावं लागतं: हात कुठे थांबवायचा.

नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले गायतोंडे या थांबण्यातच सगळं आयुष्य घालवत होते. रोलरने रंग पसरायचा, पातीने खरवडायचा, पुन्हा थर द्यायचा. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं. या गतीने काँगोचा आकडा गाठायला त्यांना किमान ६७ वर्षं लागली असती. ते जगले ७६ वर्षं, आणि १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षं त्यांनी कॅनव्हास रंगवलाच नाही.