एका शब्दाची अनेक घरे : चेक

बँकेत वटणारा चेक, चेक्सचे कापड, तिकिटांचे चेकिंग, हद्दीवरचे चेकपोस्ट आणि बुद्धिबळातला शह या सगळ्यांना इंग्रजीत एकच शब्द चालतो. अर्थांची ही गर्दी पाहून केवळ उच्चार जुळलेले हे निरनिराळे शब्द असावेत, असे वाटते. प्रत्यक्षात हे सगळे अर्थ एकाच मुळाचे आहेत आणि ते मूळ आहे फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. संस्कृतातल्या ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ या शब्दांशीही त्याचे जुने नाते आहे.

भारतातले चतुरंग इराणात ‘चतरंग’ झाले आणि अरबांकडे ‘शतरंज’. राजावर मारा आला की ‘शाह’ असे म्हणून प्रतिपक्षाला सावध करायची रीत होती. मराठीने फारसीतून घेतलेला ‘शह’ तो हाच, आणि ‘मात करणे’मधली मातही त्याच पटावरची. अरबांबरोबर हा खेळ दक्षिण युरोपात उतरला. जुन्या फ्रेंचमध्ये शाहचा ‘एशेक’ झाला. तो इंग्रजीत गेल्यावर एकवचनाचे ‘चेक’ झाले आणि अनेकवचनाचे ‘चेस’. म्हणजे खेळाचे नाव आणि त्यातला शह ही मुळात एकाच शब्दाची दोन वचने आहेत.

शह बसला की बाकीचे सगळे बेत बाजूला ठेवून आधी राजाला वाचवावे लागते. त्यावरून ‘अडवणे’, ‘लगाम घालणे’ हा अर्थ चौदाव्या शतकातच रूढ झाला. अमेरिकेच्या राज्यघटनेची चर्चा करताना ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हणतात, तेव्हा हाच अर्थ अभिप्रेत असतो. काँग्रेसने संमत केलेले विधेयक राष्ट्राध्यक्ष नाकारू शकतो, पण दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी ते पुन्हा संमत केले तर त्याचा नकार निष्फळ ठरतो. प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याला द्यायचा शह आहे. अडवून खात्री करून घेणे, यावरून पुढे ‘तपासणे’ हा अर्थ आला. हल्ली सर्वांत जास्त वापरला जाणारा हा अर्थ सतराव्या शतकाच्या अखेरीस स्थिरावला, म्हणजे तसा उशिराचाच.

दुसरी शाखा खेळाच्या चालींवरून नव्हे, तर पटावरून फुटली. चौकटीचौकटींच्या पटासारखे दिसणारे ते ‘चेक’, म्हणून तशा विणीचे कापडही चेक. पण पटाच्या या रूपाने खरी कामगिरी केली ती इंग्लंडच्या राजकोषात. बाराव्या शतकात तिथला खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने राजकोषाच्या कारभारावर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. त्यात हिशेबाच्या टेबलाचे बारकाईने वर्णन आहे. सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद टेबल, त्यावरच्या सोंगट्या खाली पडू नयेत म्हणून चार बोटे उंचीची कड आणि वर रेघांनी घरे पाडलेले काळे कापड. प्रत्येक उभ्या रकान्याला किंमत ठरलेली होती : पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर पौंड अशी चढती. शून्य नसलेल्या रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणे जिकिरीचे असे. सोंगट्या मांडल्या की ती कोणालाही डोळ्यांनी दिसे, आणि अक्षरओळख नसलेल्यालाही पडताळता येई. या व्यवस्थेचे मोल त्यातच आहे.

परगण्याचा वसूल घेऊन येणारा शेरीफ टेबलाच्या एका बाजूला बसे आणि राजाचे अधिकारी इतर बाजूंना. पटावर जशी दोन राजांची लढाई, तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची, असे फिट्झनीलच सांगतो. पटासारख्या या टेबलावरून त्या कचेरीलाच ‘एक्सचेकर’ हे नाव पडले. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणवला जातो.

बँकेच्या चेकची गोष्ट जरा वेगळी आहे. बँकरला लेखी हुकूम देऊन तिसऱ्याला पैसे देण्याची पद्धत लंडनमध्ये सतराव्या शतकातच होती. १६५९ सालचा असा एक हस्तलिखित कागद उपलब्ध आहे. मात्र त्या काळी त्याला चेक म्हणत नसत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हुंडीसारख्या कागदाचे जे अर्धुक देणाऱ्याकडे राही, त्याला ‘चेक’ म्हणू लागले. दोन्ही तुकडे जुळवून पाहिले की खाडाखोड उघडी पडे, म्हणजे लबाडीला शह बसे. अर्धुकाचे हे नाव हळूहळू मूळ कागदाकडे सरकले. इंग्रजांनी त्याचे स्पेलिंग एक्सचेकरच्या वळणावर नेले. अमेरिकनांनी जुने, साधेच ठेवले. त्यामुळे लंडनमध्ये बँकेचा चेक आणि तपासणीचा चेक वेगळे लिहिले जातात, न्यूयॉर्कमध्ये सारखेच. भारतात १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम ६ मध्ये चेकची व्याख्या आहे आणि तिथे स्पेलिंग अर्थातच ब्रिटिश आहे.

उरलेले अर्थ बहुतेक अमेरिकेने वाढवले. तिथे हॉटेलात जेवणाचे बिल म्हणजे चेक, जमा केलेल्या कोटाची किंवा सामानाची पावतीही चेक, आणि बरोबरची खूण म्हणजे ‘चेक मार्क’. तिलाच इंग्लंडमध्ये ‘टिक’ म्हणतात. मराठीने यांतले अर्थ निवडून आणि वेगवेगळ्या रूपांत घेतले. बँकेचा चेक पुल्लिंगी नाम झाला आणि तो ‘फाडला’ जातो. कापडाचे चेक्स नेहमी अनेकवचनी असतात. तपासणीला ‘करणे’ जोडून क्रियापद बनले. मुलुंडसारख्या ठिकाणी जकातीच्या जागेला ‘चेकनाका’ म्हणतात. १ जुलै २०१७ पासून मुंबईची जकात बंद झाली, तरी बसथांब्यांच्या आणि पत्त्यांच्या तोंडी ते नाव आहेच.