दाराबाहेरचे ताट

चिनी पंचांगातील सातवा महिना प्रेतांचा मानला जातो. महिन्याच्या पहिल्या दिवशी परलोकाचे दरवाजे उघडतात आणि महिनाअखेरीस मिटतात, अशी समजूत आहे. याच महिन्याच्या पंधराव्या तिथीला चोंगयुआन हा सण येतो. आपल्याकडे तेव्हा बहुधा श्रावणी पौर्णिमेचे दिवस असतात. अधिक मासाच्या गणितामुळे कधी भाद्रपदी पौर्णिमाही गाठली जाते. या महिन्याभोवती निषेधांचे जाळे इतके दाट आहे की, बाहेरच्या माणसाला हा निव्वळ भीतीचा सण वाटावा. पण ते निषेध एकेक करून तपासले, तर त्यांच्या मुळाशी एक जुना सामाजिक प्रश्न सापडतो : ज्यांच्या मागे कोणीच उरले नाही, त्या मृतांना जेवू कोणी घालायचे?

सणाला दोन धागे आहेत. ताओ परंपरेत पहिल्या, सातव्या आणि दहाव्या महिन्याची पंधरावी तिथी पवित्र असते. त्यांतली मधली तिथी चोंगयुआनची; त्या दिवशी भूलोकाचा अधिकारी देव अपराधांना क्षमा करतो. दुसरा धागा भारतातून गेलेला आहे. बुद्धाचे पट्टशिष्य मौद्गल्यायन यांना चिनी लोक मूलिएन म्हणतात. आपली आई प्रेतयोनीत उपाशी तळमळते आहे, असे त्यांना दिव्यदृष्टीने दिसले. त्यांनी दिलेल्या घासाचा तिच्या तोंडाशी जाताच निखारा झाला. वर्षावास संपताना भिक्षुसंघाला अन्नदान कर, म्हणजे ती सुटेल, असे बुद्धांनी सांगितले, अशी युलानपन सूत्राची कथा आहे. सहाव्या शतकात चोंग लिन या लेखकाने सणांच्या नोंदींत या विधीचे वर्णन केले आहे. बौद्ध भिक्षू आईबापांना टाकून जातो, हा चीनमधला मोठा आक्षेप होता. घर सोडलेल्या मुलानेच आईला सोडवले, या कथेने त्याला उत्तर दिले.

पुढे विधीची मांडणी ठरून गेली. पूर्वजांचे ताट घरात मांडायचे आणि परक्या, बेवारस प्रेतांचे दाराबाहेर. तायवानमध्ये बाहेरच्या ताटाशेजारी पाण्याचे घंगाळ, टॉवेल आणि कंगवाही ठेवतात. लांबून आलेल्या पाहुण्याने हातपाय धुऊन मगच जेवायला बसावे. त्यांना 'भूत' म्हणायचे नाही. 'चांगले भाऊबंद' म्हणायचे. फळे निवडतानाही जपावे लागते. केळी, आलुबुखार आणि नाशपाती एकत्र ठेवत नाहीत, कारण तीन नावे ओळीने उच्चारली की 'तुला बोलावतो' असा ध्वनी निघतो. पाहुण्याला जेवू घालायचे, पण मुक्कामाचे आमंत्रण द्यायचे नाही, असा हा हिशेब.

बाकीचे निषेधही याच शिष्टाचारातले आहेत. भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नयेत, कारण त्या मृतापुढच्या उदबत्त्यांसारख्या दिसतात. रात्री शीळ घालू नये, ओले कपडे बाहेर वाळत टाकू नयेत, जळत्या कागदी नोटांवर पाय देऊ नये. लग्न आणि गृहप्रवेश पुढे ढकलावेत. बुडून मेलेला जीव आपल्या जागी दुसरा शोधतो, म्हणून पोहायला जाऊ नये; हे दिवस ऐन उन्हाळ्याचे आणि वादळांचे असतात, हेही लक्षात घ्यायला हवे. सिंगापूर-मलेशियात या महिन्यात रस्त्यावर गाण्याचे रंगमंच उभे राहतात. तिथे खुर्च्यांची पहिली रांग रिकामी असते. ती त्या पाहुण्यांची.

ही काळजी कुठून आली, हे तायवानच्या इतिहासात स्पष्ट दिसते. छिंग राजवटीत फूचिएन प्रांतातून समुद्र ओलांडून आलेल्यांत एकट्या पुरुषांचा भरणा मोठा होता. रोगराईत, वादळात, मारामारीत मेलेल्यांना पिंड द्यायला मागे वंशच नव्हता. उत्तरेच्या कीलुंग बंदरात तर चांगचौ आणि छुआनचौ या दोन जिल्ह्यांतून आलेल्यांत 1853 साली रक्तपात झाला. मेलेल्यांची हाडे एकत्र पुरली आणि त्यांना 'वडीलधारे' म्हणून पुजले जाऊ लागले. 1855 पासून चोंगयुआनचा यजमानमान जिल्ह्यावार न ठेवता आडनावांच्या कुळांकडे पाळीपाळीने दिला गेला. एकाच आडनावाची माणसे दोन्ही जिल्ह्यांत होती, त्यामुळे कालचे वैरी एका कुळात आले. डोकी फोडण्याऐवजी मिरवणुकीत चढाओढ करा, असा त्याचा मथितार्थ तिथे आजही सांगतात. चौदाव्या रात्री प्रत्येक कूळ आपल्या नावाचा कागदी दीपगृह समुद्रात सोडते. बुडालेल्यांना वाट दिसावी म्हणून.

आपल्याकडे श्राद्धात निपुत्रिकांसाठी धर्मपिंड ठेवतात, त्यामागची जाणीव फार वेगळी नाही. फरक व्याप्तीचा आहे : चिनी परंपरेने त्या एका पिंडाचा अख्खा महिना केला आणि गल्लीबोळ त्यात ओढला.

हाँगकाँगमधील छाओचौ समाजाच्या युलान उत्सवाला 2011 साली चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. तिथे प्रेतांपुढे तांदळाच्या पिशव्यांची रास रचतात. विधी आटोपला की तोच तांदूळ रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाटला जातो. त्याला 'शांतीचा तांदूळ' म्हणतात. ज्यांच्या मागे कोणी नाही अशा मेलेल्यांसाठी मांडलेले अन्न अखेर जिवंतांच्याच चुलीवर शिजते.