अपयशाचे भय आणि देवळालीचे मास्तर

उत्तरपत्रिका तपासताना शिक्षकाला चुकलेल्या उत्तरांपेक्षा कोऱ्या सोडलेल्या जागा अधिक अस्वस्थ करतात. चुकणाऱ्या मुलाने निदान काहीतरी करून पाहिलेले असते, आणि तो कोठे घसरला हे त्याच्या ओळींवरून कळते. कोरी जागा काहीच सांगत नाही. काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाने बीजगणितातला एक प्रश्न असाच कोरा सोडला होता. त्याला बोलावून विचारले, तर पहिल्या तीन पायऱ्या त्याने तोंडी बिनचूक सांगितल्या. मग लिहिल्या का नाहीत? "उत्तर चुकलं असतं तर, सर?" पायऱ्यांना गुण असतात हे त्याला ठाऊक होते. तरीही चुकण्यापेक्षा न लिहिणे त्याला सुरक्षित वाटले.

या भयावर आपण जे उपाय करतो ते बहुधा शब्दांचे असतात. गुणपत्रिकेवरील 'नापास' हा शब्द पुसून त्याजागी सौम्य शब्दयोजना करण्याचे प्रयोग आपल्याकडे होऊन गेले. त्यामागचा हेतू चांगला असेल. पण त्या नव्या शब्दाचा अर्थ काय, हे मुलांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांना पहिल्याच दिवशी कळते. दुसरा उपाय गीतेतील निष्काम कर्माचा. तो आपण नेमका निकाल लागल्यावर, आणि तोही वाईट लागल्यावर आठवतो. पेढे वाटताना फळाची आसक्ती सोडण्याचा उपदेश करणारे पालक प्रस्तुत लेखकाच्या तरी पाहण्यात नाहीत.

याबाबतीत नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे शाळामास्तर असलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे उदाहरण उपदेशापेक्षा अधिक उपयोगी पडेल असे वाटते. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. त्यापुढे मात्र विद्यापीठीय मोजमापाने पाहिले तर त्यांच्या खात्यावर फारसे काही जमा नाही. पदव्युत्तर शिक्षण नाही, प्राध्यापकी नाही, संशोधन संस्थेत जागा नाही. शाळेत शिकवावे आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळावे, असा त्यांचा क्रम होता.

हा खेळ कोणता हे सांगण्यापेक्षा वाचकांनी पेन्सिल हाती घेतलेली बरी. सगळे अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. उत्तर चारपेक्षा कमी अंकांचे आले, तर पुढे शून्य लिहून चार अंक पुरे करा. कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. ९५१० मधून ०१५९ गेले, राहिले ९३५१. ९५३१ मधून १३५९ गेले, राहिले ८१७२. त्यापुढे क्रमाने ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. येथे गाडी थांबते, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च उरतात. कोठूनही निघा, सात पायऱ्यांच्या आत हा मुक्काम येतोच. कापरेकर १९८६ साली निवर्तले. ते वर्ष घेतले तर पहिल्याच वजाबाकीत ८१७२ येतात, म्हणजे त्यापुढची वाट जन्मवर्षाचीच! हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून ज्योतिष काढू नये. पण प्रस्तुत लेखकाला तो सापडला तेव्हा झालेला आनंद लपविण्याचे कारण नाही.

या क्रियेचा आणखी एक गुण आहे. मध्येच वजाबाकी चुकली, हातचा विसरला, तरीही चुकून आलेल्या संख्येवरून पुढे गेलात की अखेर ६१७४ लाच पोहोचता. एरवी व्यवहारात चुकीला इतकी क्षमा नसते; खात्याच्या परीक्षेत हातचा विसरलेल्या कारकुनाची बढती ६१७४ वर येऊन थांबत नाही. तेव्हा या दृष्टान्ताला फार ताणू नये हे बरे.

ही संख्या कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. पण अशा शोधांना क्षुल्लक मानणारे गणितज्ञ कमी नव्हते. त्यांचे पुष्कळसे लेखन लहानसहान नियतकालिकांत किंवा स्वतः छापलेल्या पुस्तिकांत राहिले. तरीही ते नवनवी संख्याकुले शोधीत राहिले. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून पुन्हा ४५: अशा संख्यांना आज त्यांचेच नाव आहे. मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकाच्या नावावरून त्यांनी एका कुलाला 'डेम्लो' म्हटले. ८४ च्या अंकांची बेरीज १२, आणि १२ ने ८४ ला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना त्यांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, हे नाव दिले. गणितात महत्त्वाची, उपयुक्त, मूलभूत अशी विशेषणे नेहमी आढळतात. या मास्तरांना मात्र संख्येचे वर्णन करताना हर्ष आठवला. पुढे मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगभरच्या गणितप्रेमींना देवळाली ठाऊक झाली. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. पारितोषिकाच्या १९२७ सालापासून हा काळ मोजला तर अठ्ठेचाळीस वर्षे होतात. एवढी वर्षे केवळ कीर्तीची वाट पाहत कोणाला काढता येतील असे वाटत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कापरेकरांना शाळेचा पगार होता. आकड्यांनी दगा दिला असता तरी चूल पेटणार होती. आज पुण्यातल्या अभ्यासिकेत टेबलाच्या भाड्याचा हिशेब करीत तिसऱ्यांदा स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलाला 'निकाल विसर, अभ्यासाचा आनंद घे' असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. त्याचे भय काल्पनिक नाही. वय, जमीन आणि घरच्यांची उमेद त्याने पणाला लावलेली आहे. खुद्द कापरेकरांनाही निवृत्तीनंतर तुटपुंज्या पेन्शनमुळे शिकवण्या कराव्या लागल्याच. आनंदाने पोट भरते असा त्यांच्या चरित्राचा अर्थ कोणी लावू नये.

तथापि त्या आक्षेपातूनच एक गोष्ट निघते. कापरेकरांच्या आयुष्यात पोटाचे काम आणि जिवाचे काम वेगळे होते, आणि दुसऱ्या कामाचा परीक्षक बाहेरचा नव्हता. वजाबाकी चुकली तर ती त्यांचीच चूक. तिची बातमी घरी जात नसे. आपल्या मुलांच्या वाट्याला असे एकही काम आपण ठेवलेले नाही. चित्रकलेला श्रेणी, खेळाला वाढीव गुण, वाचनाला प्रकल्प, गाण्याला परीक्षा. ज्यात चुकणे फुकट आहे असा एक तासही वेळापत्रकात नाही. मग आयुष्यातली पहिली चूक मूल जेव्हा करते तेव्हा ती महागच पडते, आणि कोरी जागा सोडण्याची विद्या ते लवकर शिकते. मोठ्यांचीही स्थिती याहून वेगळी नाही. अनेक कचेऱ्यांत नवी पद्धत करून पाहण्यापेक्षा फाईल पुढे सरकवणे पसंत केले जाते. ती मोठ्या माणसांनी सोडलेली कोरी जागाच म्हणावयाची.

त्या नववीच्या वर्गात एके दिवशी शेवटच्या तासाला प्रस्तुत लेखकाने ही क्रिया फळ्यावर मांडली. गुण नाहीत, वही तपासणार नाही, आणि सातापेक्षा जास्त पायऱ्या कोणालाही लागणार नाहीत, एवढेच सांगितले. मुले लगेच कामाला लागली. कोणी आपले जन्मवर्ष घेतले, कोणी वडिलांच्या स्कूटरचा नंबर. कोऱ्या जागेचा तो मुलगा सर्वांत शेवटी म्हणाला, "माझं आलं, सर, ६१७४. पण नऊ वजाबाक्या झाल्या." उत्तर बरोबर होते. पुढे काही सांगण्याआधीच त्याने मान खाली घातली आणि चूक कोठे झाली ते शोधण्यासाठी पहिल्या ओळीपासून पुन्हा वजाबाकी सुरू केली.